तळटीप क्रमांक सोळा

बाइंडरकाकांना कुणी म्हटलं की आज हवा छान पडली आहे, तर ते आधी खिडकीतून बाहेर बघत आणि मग मान डोलावत. यात कुणाची थट्टा करायचा हेतू नसे. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हो म्हणायचं नाही, हे त्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की बायकोने भाजीत मीठ कमी पडलंय म्हटलं, तरी एक घास खाऊन मगच त्यांचा हात मिठाकडे जाई. बायको म्हणे, छत्तीस वर्षं संसार केला, पण या घरात माझ्या शब्दाला पत नाही. काका म्हणत, पत आहे, पुरावा नाही.

नोकरीही स्वभावाला साजेशी मिळाली होती. सार्वजनिक वाचनालयाच्या तळघरात त्यांनी चौतीस वर्षं पुस्तकं बांधली. वर्तमानपत्रांचे अंक तारखेप्रमाणे लावायचे, गठ्ठा ठोकून कडा सारख्या करायच्या, भोकं पाडून मेणाच्या दोऱ्याने शिवायचं आणि खळ लावून वर पुठ्ठा चढवायचा. फाटलेलं पान ते पातळ कागद लावून असं जोडत की बोट फिरवलं तरी कळू नये. जोड दिसला तर ते बाइंडिंग नव्हे, ठिगळ, असं त्यांचं मत होतं. हाताखाली शिकायला आलेल्यांना ते दिवसातून चारदा ऐकावं लागे.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी वाचनालयात दोन तरुण मंडळी आली आणि त्यांनी इंटरनेटवरच्या खुल्या ज्ञानकोशाची माहिती दिली. कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं, कुणाला एक पैसा मिळत नाही. अट एवढीच की लिहिलेलं आधी कुठे छापलं आहे ते तळटीपेत सांगायचं. काका त्या सभेला पंखा आहे म्हणून जाऊन बसले होते, ते परत आले तेव्हा त्यांना वेड लागलेलं होतं. ज्ञानकोशात खरं नाव द्यायची सक्ती नव्हती. काकांनी 'सुईदोरा' असं नाव घेतलं.

तेव्हापासून दुपारचं जेवण झालं की चार वाजेपर्यंत जेवणाच्याच टेबलावर त्यांचं दुकान मांडलेलं असे. लेकीने टाकून दिलेला लॅपटॉप, भिंग, एक वही आणि पेन्सिल. आपल्या शहराचं, आसपासच्या गावांचं, नदीचं, पुलाचं पान ते वाक्य न् वाक्य तपासत. विनापुराव्याचं वाक्य दिसलं की त्याच्यापुढे 'संदर्भ हवा' अशी खूण करत, भिंतीवरच्या कॅलेंडरवर चौदा दिवस मोजत आणि पंधराव्या दिवशी ते वाक्य काढून टाकत. मधले चौदा दिवस मात्र ते हातावर हात ठेवून बसत नसत. नुसतं काढून टाकणं हे आळशाचं काम, असं ते म्हणत. वाचनालयात जाऊन स्वतःच बांधलेले गठ्ठे उपसत आणि पाण्याची टाकी कोणत्या साली बांधली या एका वाक्यासाठी तीन-तीन दिवस धूळ खात. त्यांनी काढलेल्या वाक्यांपेक्षा वाचवलेली वाक्यं कितीतरी जास्त होती. पण वाचलेलं वाक्य कुणाकडे तक्रार करायला जात नाही, त्यामुळे नाव झालं ते काढणारा म्हणूनच.

बेकरीवाल्याचंच घ्या. त्याने लिहिलं होतं, शहरातली सर्वांत जुनी बेकरी. काकांनी खूण केली. बेकरीवाला वडिलांचा बेकरीसमोरचा फोटो घेऊन घरी आला. काकांनी फोटो उलटा करून पाहिला आणि विचारलं, यावर साल कुठे आहे? त्या दिवसापासून काकांच्या घरी शिळा पाव येऊ लागला आणि बायकोला ताज्या पावासाठी पार चौकापलीकडे जावं लागे. पुढे दीड महिन्याने काकांनाच एका जुन्या अंकात जाहिरात सापडली. बेकरी दुसऱ्या क्रमांकाची निघाली. पहिली केव्हाच बंद पडली होती, म्हणून बेकरीवाल्याने तह केला. मेहुण्याने तहही केला नव्हता. त्याच्या शाळेचा फुटबॉलचा संघ कधीच हरला नाही, हे वाक्य काढल्यावर तो तीन महिने बोलत नव्हता.

तर असा हा माणूस. आणि त्याच्याच शहराच्या पानावर, त्याच्याच नाकाखाली, तळटीप क्रमांक सोळा होती.

पानावर 'महापूर' नावाचा भाग होता, पंचावन्न वर्षांपूर्वीच्या पुराचा. त्यातलं शेवटचं वाक्य असं: "या पुरात टेलिफोन एक्स्चेंजमधील एका महिला ऑपरेटरने एकटीने सलग सतरा तास स्विचबोर्ड सांभाळला, त्यामुळे पुलाच्या दक्षिणेकडील वस्तीला वेळेवर सूचना मिळून ती हलवता आली." पुढे बारीक सोळाचा आकडा आणि खाली तळटीप: स्थानिक साप्ताहिकाचा सुवर्णमहोत्सवी अंक, पान चार.

ती ऑपरेटर म्हणजे काकांची सख्खी थोरली बहीण. तेरा वर्षांनी मोठी. आई कामाला जायची, त्यामुळे काकांना कडेवर घेऊन वाढवलं ते ताईनेच. एक्स्चेंजमध्ये कॉल लिहायची छोटी तिकिटं असत, त्यांच्या कोऱ्या पाठीवर तिने त्यांना अक्षरं गिरवायला शिकवली. आता ती एक्क्याऐंशी वर्षांची होती आणि दोन गल्ल्या पलीकडे मुलाकडे राहत होती. टेलिफोनच्या निवृत्त कर्मचाऱ्यांच्या संघटनेतल्या कुणीतरी ज्ञानकोशातलं ते वाक्य वाचलं, ताईला शोधून काढलं आणि येत्या रविवारी हॉल घेऊन तिचा सत्कार करायचं ठरवलं. मानपत्रही छापून झालं होतं. भाच्याने तिच्यासाठी नव्या चपला आणल्या. ताई सगळ्याला फक्त "बरं" म्हणाली. घरच्यांनी तो विनय धरला.

त्या आठवड्यातल्या बुधवारी 'कोरा कागद'चा निरोप आला. कोरा कागद हा ज्ञानकोशातला दुसरा स्वयंसेवक, कुठल्या तरी लांबच्या शहरातला. आठ वर्षांची ओळख होती, पण तो बाई आहे की बुवा हेही काकांना ठाऊक नव्हतं. एवढं माहीत होतं की पाहिल्याशिवाय तो लिहीत नाही. निरोप असा होता, की शहराचं पान 'तपासलेलं' म्हणून जाहीर करायचं आहे. पंधरा तळटीपा मी स्वतः पाहिल्या. सोळावीचा अंक इकडे मिळत नाही. पान चार तुम्ही पाहिलं आहेच ना?

काकांनी 'हो' टाइप केलं आणि ते थांबले. त्यांनी ते पान पाहिलेलं नव्हतं.

तळटीप सात वर्षांपूर्वी कुणा येणाऱ्याजाणाऱ्याने घातली होती. ती दिसली तेव्हा काकांना इतका आनंद झाला होता, की आपल्या ताईचं वाक्य आता पक्कं झालं या समाधानात ते लॅपटॉप बंद करून फिरायला गेले होते. जगाच्या दाखल्यांना भिंग लावणाऱ्या माणसाने बहिणीच्या दाखल्याला नुसता नमस्कार केला होता. काकांनी 'हो' पुसलं, पिशवी उचलली आणि ते वाचनालयात गेले.

गठ्ठा त्यांनीच बांधलेला होता, नोकरीच्या शेवटच्या वर्षातला. जून महिना, सुवर्णमहोत्सवी अंक, पान चार. वाक्य होतं, जवळजवळ शब्दाला शब्द तेच. महिला ऑपरेटरने, एकटीने, सलग सतरा तास. काकांचा जीव भांड्यात पडला. पण पुढे छापलं होतं, पुलाच्या उत्तरेकडील वस्तीला. काकांनी भिंग काढलं आणि पुन्हा वाचलं.

पुलाच्या उत्तरेला टेकडी आहे. तिथे वस्ती कधीच नव्हती आणि आजही नाही, शेळ्या चरतात. या शहरात जन्मलेलं पोरसुद्धा ही चूक करणार नाही. ती एकाच माणसाने केली होती. ज्ञानकोशात लिहायला लागल्याच्या पहिल्याच आठवड्यात, मार्च महिन्यात, दोन बोटांनी अक्षरं शोधत काकांनी हे वाक्य स्वतः लिहिलं होतं आणि गडबडीत दक्षिणेचं उत्तर केलं होतं. ऑगस्टमध्ये एका वाचकाने चूक दाखवली आणि काकांनी ओशाळून दुरुस्त केली. साप्ताहिकाचा अंक निघाला तो मधल्या जूनमध्ये.

घरी येऊन त्यांनी पानाचा इतिहास उघडला. ज्ञानकोशात कुणी, कधी, काय बदललं ते सगळं राहतं, पुसता येत नाही. मार्चच्या नोंदीसमोर 'सुईदोरा' होतं, आणि तळटीप नव्हती. तेव्हा त्यांना ना तळटीप घालता येत होती, ना हे ठाऊक होतं की स्वतःच्या नात्यातल्या माणसाबद्दल स्वतः लिहायचं नसतं. आई सांगायची तसं त्यांनी लिहून टाकलं होतं. साप्ताहिकाने ते चुकीसकट उचललं. मग कुणीतरी त्या साप्ताहिकाचाच दाखला त्या वाक्याला जोडला. म्हणजे सात वर्षं काकांच्या शब्दाला साक्षीदार म्हणून काकांचाच शब्द उभा होता.

तरी खात्री करायची म्हणून गुरुवारी सकाळी ते साप्ताहिकाच्या कचेरीत गेले. संपादक दिलदार माणूस होता. त्याने चहा मागवला, जुनी आठवण काढली आणि सांगितलं, की त्या अंकाच्या वेळी फार घाई होती, पुराचा मजकूर नेटवरूनच घेतला असणार. "तिथे म्हणे सगळं तपासून घेतात," तो म्हणाला. "आपल्याच शहरातला कुणीतरी फार कडक माणूस आहे म्हणे त्यात."

काकांनी चहा संपवला. निघताना ते दारात घुटमळले आणि म्हणाले, की रविवारच्या कार्यक्रमाला वार्ताहर पाठवा. बाई अजून बोलत्याचालत्या आहेत, त्यांच्याच तोंडून ऐका आणि त्या सांगतील तेवढंच छापा. संपादकाने वहीत टिपून घेतलं.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "ताई बसल्या होत्या की नव्हत्या बोर्डावर?"

"होती."

"मग झालं तर."

"बेकरीवालाही हेच म्हणत होता," काका म्हणाले.

बायको चिडली. म्हणाली, बेकरीवाला आणि ताई एक झाले का? बरं, काढायचंच असेल तर सोमवारी काढा. त्या माउलीच्या आयुष्यात एक रविवार आलाय, तो तरी जाऊ द्या. दुपारभर काका लॅपटॉप न उघडता टेबलाशी बसून राहिले. सोमवारची गरजही नव्हती. त्यांच्याच नियमाने खूण करून चौदा दिवस थांबता येत होतं, कुणी बोट दाखवू शकलं नसतं. पण चौदा दिवस असतात ते शोधायला, आणि इथे शोधून झालं होतं. बेकरीवाल्याच्या बापाचा फोटो उलटा करणारा हात आता आपल्या बहिणीच्या वेळी खिशात घालायचा, हे काही त्यांच्या मनाला पटेना. आणि ताईला आधी सांगितल्याशिवाय ते वाक्य काढायचं, हेही जिवावर येत होतं. पंचावन्न वर्षांत तिला मिळालेली ही एकुलती एक शाबासकी होती.

शुक्रवारी सकाळी ते ताईकडे गेले. ती गॅलरीत खुर्ची टाकून मटार सोलत बसली होती. काकांनी दुसरी खुर्ची ओढली, दोन-चार शेंगा सोलल्या आणि मग सगळं सांगितलं. मार्च, जून, ऑगस्ट, उत्तर, दक्षिण. शेवटी म्हणाले, "ताई, ते वाक्य मला काढावं लागणार. तू केलंस ते खोटं नाही. पण माझ्याकडे पुरावा नाही."

ताईने शेंगा सोलायचं थांबवलं नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं, "त्यात 'एकटीने' हा शब्द कुणी घातला, छोट्या?"

"मीच."

"कशावरून?"

कशावरून हा प्रश्न काकांनी आजवर शेकडो लोकांना विचारला होता. तो त्यांना कुणी विचारला नव्हता. "आई सांगायची," ते म्हणाले.

"आई एक्स्चेंजमध्ये होती का?"

मग ताईने सांगितलं. बोर्ड वरच्या मजल्यावर होता, पण त्याला वीज पुरवणाऱ्या बॅटऱ्या तळमजल्यावरच्या खोलीत होत्या, लाकडी फळ्यांवर मांडलेल्या. पहाटे पाच वाजता ताई बोर्डावर बसली तेव्हा रस्त्यात घोटाभर पाणी होतं. दुसरी ऑपरेटर येऊ शकली नाही. आली होती ती झाडलोट करणारी मावशी. रोजंदारीवरची बाई, हजेरीच्या पुस्तकातसुद्धा नाही. पाणी बॅटरीच्या खोलीत शिरायला लागलं तशी तिने दाराशी पोती लावली आणि बादलीने पाणी उपसून खिडकीबाहेर फेकायला सुरुवात केली. बॅटऱ्यांना पाणी लागलं असतं तर वरचा बोर्ड त्याच क्षणी मेला असता. ताई वरून दर थोड्या वेळाने हाक मारायची आणि मावशी खालून ओ द्यायची. दुपारी एक बॅटरी तडकली, ॲसिड पाण्यात उतरलं. मावशीच्या पोटऱ्या भाजल्या. ताई म्हणाली, तू घरी जा. मावशी म्हणाली, तुम्ही तुमचं बोलत राहा बाई, हे मी बघते.

"आणि तास चौदा होते," ताई म्हणाली. "पहाटे पाच ते संध्याकाळी सात. पाण्यातून घरी पोचायला मला तीन तास लागले. आईने ते पण धरले. मी तिला दारात दिसेपर्यंत ती मोजत बसली होती."

काकांच्या हातातली शेंग तशीच राहिली. ते म्हणाले, "तू कधी बोलली का नाहीस?"

"आई सगळ्यांना सांगायची तेव्हा तिच्या तोंडावर इतका आनंद असायचा, की मला मधे बोलवेना. मग आई गेली, आणि तू लिहिलंस. तुझ्याही तोंडावर तसाच आनंद होता." ताईने सोललेले दाणे सारखे केले. "चूक माझी आहेच. पण छोट्या, अकरा वर्षं तू सगळ्या गावाकडे पुरावा मागितलास. मी दोन गल्ल्यांवर होते. मला एकदा विचारलं नाहीस."

काकांना रडू आलं. अडुसष्टाव्या वर्षी बहिणीसमोर रडायला त्यांना लाज वाटली नाही. ताईने पदराने त्यांचं तोंड पुसलं नाही की काही नाही. मटारांचं भांडं पुढे सरकवलं आणि म्हणाली, राहिलेले सोल.

त्याच दुपारी त्यांनी वाक्य काढलं. ज्ञानकोशात काही काढताना कारण लिहायचं असतं. काकांनी लिहिलं: "हे वाक्य मीच अकरा वर्षांपूर्वी पुराव्याशिवाय लिहिलं. ज्या अंकाचा दाखला दिला आहे, त्याने ते माझ्याकडूनच घेतलं. ऑपरेटर माझी बहीण आहे." आणि कोऱ्या कागदाला कळवलं की पान चार पाहिलं, तळटीप सोळा ग्राह्य नाही. उलटटपाली कोऱ्या कागदाने एवढंच लिहिलं, की अकरा वर्षं मागे जाऊन स्वतःची चूक शोधणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता, आता पाहिला.

राहिलं मानपत्र. ताईने बजावलं होतं, की त्यावर 'एकटीने' असेल तर मी खुर्चीतून उठणार नाही. संघटनेचे सचिव हवालदिल झाले. मानपत्र छापून, काचेत बसवून तयार होतं आणि शनिवारी दुपारी छापखाना बंद. काका त्यांच्याकडून ते घरी घेऊन आले. मागचे खिळे काढले, कागद बाहेर घेतला, त्याच रंगाच्या कागदाच्या दोन पट्ट्या कापल्या. त्यांवर जमेल तितक्या सारख्या अक्षरात लिहिलं, 'दोघींनी' आणि 'चौदा'. बायकोने खळ शिजवून दिली. कालपासून ती नवऱ्याशी जरा मऊ बोलत होती.

रविवारी हॉलमध्ये ताई अकरा मिनिटं बोलली. त्यांतली नऊ मावशीबद्दल होती. लोकांना आधी कळेचना की सत्कार कुणाचा चालला आहे. वार्ताहर मुलगी पहिल्या रांगेत बसून भराभर लिहून घेत होती आणि तिने कार्यक्रमानंतर ताईला पुन्हा गाठून तास, वेळा, खोली, बॅटऱ्या असं सगळं विचारून घेतलं. मानपत्र हातात आल्यावर ताईने पट्ट्यांवरून अंगठा फिरवला आणि भावाकडे वाकून हळूच म्हणाली, "जोड दिसतोय रे."

"दिसू दे," काका म्हणाले.

पुढच्या शुक्रवारी साप्ताहिकात बातमी आली, पान दोन, तिसरा स्तंभ. काकांनी स्वतः ज्ञानकोशात अक्षर लिहिलं नाही. अंकाच्या पानाचा फोटो काढून कोऱ्या कागदाला पाठवला आणि ते बाजूला झाले. तिसऱ्या दिवशी पानावर नवं वाक्य आलं: "ऑपरेटरने दिलेल्या माहितीनुसार, तिने व साफसफाई करणाऱ्या एका रोजंदारी कामगार महिलेने अशा दोघींनी मिळून चौदा तास एक्स्चेंज चालू ठेवलं." पुढे बारीक सोळा. 'ऑपरेटरने दिलेल्या माहितीनुसार' हे शब्द काकांना फार आवडले. वाक्याने आपली मर्यादा स्वतःच सांगितली होती.

त्यानंतर दहाएक दिवसांनी, भर दुपारी दोनला दारावर थाप पडली. दारात साठीची एक बाई उभी होती. हातात साप्ताहिकाचा अंक होता, घड्या पडून पडून मऊ झालेला. काकांना वाटलं, कुणाचं तरी वाक्य काढल्याचं भांडण आलं. त्यांनी निमूटपणे आत बोलावलं.

बाईचं स्टँडजवळ इस्त्रीचं दुकान होतं. साप्ताहिकाच्या कचेरीतून तिला हा पत्ता मिळाला होता. तिने अंक टेबलावर ठेवला, तिसऱ्या स्तंभावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "ही माझी आई."

काकांनी खुर्ची पुढे केली. बाई बसली नाही. आई जाऊन वीस वर्षं झाली, ती म्हणाली. आई सांगायची की पुरात मी टेलिफोन बुडू दिला नाही, आणि आम्ही भावंडं हसायचो. झाडणाऱ्या बाईच्या हातात टेलिफोन कुठून येणार? "मी तर मोठी, मी तिला म्हणायचे, कुठे लिहिलंय ते दाखव," बाई म्हणाली. "मग ती पोटऱ्यांवरचे डाग दाखवायची. आम्हाला वाटायचं, संडास धुताना ॲसिड सांडलं असेल कधीतरी. हे वाचलं तेव्हा कळलं, डाग कसले ते."

कुठे लिहिलंय ते दाखव, हे वाक्य गेली अकरा वर्षं याच टेबलावरून गेलं होतं, आणि दाखवायला फक्त पाय असलेली किती माणसं त्यापुढे गप्प बसली असतील, याचा हिशोब काकांनी कधी केला नव्हता. त्यांनी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. बाईने बोट ठेवून वाक्य वाचलं, सावकाश, दोनदा. मग विचारलं, की हा वर बारीक सोळा कसला?

काकांनी सांगितलं, की हे आम्हाला कुठून कळलं ते त्यात दिलं आहे. आता कुणी विचारलं तर दाखवता येईल.

"ते मला लिहून द्या," बाई म्हणाली. "भावांना दाखवायचंय."

काकांनी बाइंडिंगचा पातळ कागद घेतला आणि शाईच्या पेनाने लिहिलं: साप्ताहिकाचं नाव, तारीख, पान दोन, स्तंभ तीन. बाईने शाई वाळेपर्यंत फुंकर घातली, चिठ्ठीची घडी केली आणि पाकिटात ठेवली. ती दाराकडे वळली तसे काका उठले. त्यांनी तिची खुर्ची पुन्हा पुढे ओढली, लॅपटॉप मिटून बाजूला सारला आणि वहीचं कोरं पान उघडलं.

"बसा ना," ते म्हणाले. "आईंबद्दल सगळं सांगा. अगदी पहिल्यापासून."

बाईने विचारलं, की पण याला पुरावा काही नाही माझ्याकडे, चालेल का?

"चालेल," काका म्हणाले, आणि बायकोला त्यांनी चहा टाकायला सांगितलं.